परवलीचा शब्द विसरल्यावर



सूर्यास्तानंतर गडाचा दरवाजा बंद झाला म्हणजे बाहेरून येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द जुळला तर दिंडी उघडे. न जुळला तर आलेला मनुष्य बाहेरच राही. परंतु तो पहारेकरी अखेर माणूसच असे. आवाज ओळखीचा वाटला तर वरच्या कोणास हांक मारून तो खात्री करून घेऊं शके. आज आपल्या घरोघरीं जे संगणक येऊन बसले आहेत, त्यांच्या दाराशींहि परवलीचा शब्दच विचारला जातो. मात्र तेथील पहारेकऱ्यापाशीं रदबदली चालत नाहीं. घर आपलें, यंत्र आपलें, आंतील लिखाण आपलें. पण शब्द विसरला कीं आपण आपल्याच उंबरठ्यावर परके होतों. अशा वेळीं काय करावें, काय करूं नये, आणि मुळांत असा प्रसंगच ओढवूं नये म्हणून कोणती तजवीज करून ठेवावी, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय मला सुचला तो घरांतल्याच एका प्रसंगावरून. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतों, सेवानिवृत्तीनंतर नऊ वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत होते. कोंकणांतील गांवोगांव हिंडून, वृद्ध माणसांच्या तोंडून ऐकून आणि जुन्या कागदांच्या प्रती मिळवून त्यांनीं तो सारा मजकूर घरच्या संगणकांत उतरवून ठेविला होता. ज्यांनीं ही माहिती सांगितली त्यांपैकीं कित्येक मंडळी आतां हयात नाहींत. म्हणजे तें काम पुन्हां करतां येण्यासारखें नव्हतें. मध्यंतरीं अप्पा आजारी पडले आणि चार महिने अंथरुणास खिळून राहिले. बरें वाटूं लागल्यावर ते मोठ्या उत्साहानें संगणकापुढें बसले, तों परवलीचा शब्दच आठवेना. माझी बहीण त्यांना धीर देऊं लागली, तेव्हां ते खिन्नपणें हंसून म्हणाले, "सात पिढ्यांचीं नांवें ओळीनें म्हणून दाखवितों; पण तेवढा एक शब्द कांहीं केल्या आठवत नाहीं."

भाच्यानें लागलीच एका दुरुस्तीवाल्यास बोलाविलें. त्यानें यंत्र पाहून सांगितलें, "फॉर्मॅट मारून देतों, तासाभरांत चालू होईल." बहिणीनें विचारलें, "पण आंतलें लिखाण?" "तें जाईल," असें तो सहज म्हणाला. बहिणीनें त्याला चहा दिला आणि तसाच परत पाठविला. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. त्याआधीं एक प्रश्न सोडविला पाहिजे. संगणक आपणांस आपलाच शब्द सांगून कां टाकीत नाहीं?

उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. संगणकास तो शब्द ठाऊकच नसतो. पूर्वीं मात्र तसें नव्हतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एक योजना चालवून दाखविली. तीमुळें एकच संगणक अनेकांना एकाच वेळीं वापरतां येऊं लागला. प्रत्येकाचें लिखाण निराळें राहावें म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यांत आला, आणि ते सर्व शब्द एका यादींत जसेच्या तसे लिहून ठेवण्यांत आले. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या संशोधकास आपल्या वांट्याचा वेळ पुरेना. तेव्हां त्यानें ती यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नांवावर आपलें काम चालविलें! पुढें कांहीं वर्षांनीं एका घोटाळ्यामुळें तीच यादी, रोजच्या सूचनेच्या जागीं, काम करावयास बसणाऱ्या प्रत्येकाच्या पुढें उभी राहिली. कुलुपाशेजारींच किल्ली टांगून ठेवण्यांत काय धोका आहे, तें यावरून सर्वांच्या लक्षांत आलें.

म्हणून निराळी युक्ति निघाली. जात्यांत जोंधळे घातले तर पीठ निघतें; परंतु पीठ कितीहि चाळलें तरी त्याचे जोंधळे पुन्हां होत नाहींत. त्याचप्रमाणें आपण दिलेला शब्द एका गणिती जात्यांतून दळला जातो आणि निघालेलें पीठ तेवढें संगणक जपून ठेवतो. पुढच्या वेळीं आपण शब्द दिला कीं तोहि त्याच जात्यांतून दळला जातो, दोन्ही पिठें ताडून पाहिलीं जातात, आणि तीं जुळलीं तर दार उघडतें. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याच्याहि पुढची पायरी वर्णिली आहे. दळण्यापूर्वीं प्रत्येकाच्या शब्दांत निराळें चिमूटभर मीठ मिसळावें, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळें निघेल. त्या शास्त्रांत या मिसळीस खरोखरच 'मीठ' असें नांव आहे.

या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, जो शब्द कोठें लिहूनच ठेवलेला नाहीं, तो यंत्र तुम्हांस सांगूं शकत नाहीं आणि यंत्र बनविणारी कंपनीहि सांगूं शकत नाहीं. फार तर एकामागून एक शब्द दळून पाहावे. पण शब्द लांब असेल तर त्यास आयुष्य पुरणार नाहीं. तेव्हां विसरलेला शब्द परत मिळविण्याच्या भरीस पडूं नये. आपण खरे धनी आहों हें दुसऱ्या एखाद्या मार्गानें पटवून नवा शब्द ठरवून घेणें, एवढेंच आपल्या हातीं असतें.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं. पहिला उपाय म्हणजे घाई न करणें. पुष्कळदां शब्द विसरलेला नसतोच, कळफलक बदललेला असतो. मराठी लिहिणाऱ्यांच्या घरीं हें विशेष घडतें. काल आपण देवनागरी कळफलक लावून लिहीत बसलों आणि आज तोच लागलेला असतांना इंग्रजी शब्द टिपूं लागलों, तर शब्द बरोबर असूनहि तो चूक ठरतो. म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं भाषेची खूण असते, ती प्रथम पाहावी. मोठीं इंग्रजी अक्षरें उमटविणारी कॅप्स लॉकची कळ आणि आंकड्यांची नम लॉकची कळ तपासावी. शब्दाच्या चौकटीच्या टोकाशीं डोळ्याचें चित्र असतें. तें दाबलें असतां आपण काय टिपलें तें दिसतें. जे जे शब्द करून पाहाल ते कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे तोच शब्द पुनः पुनः टिपण्यांत वेळ जाणार नाहीं. अनेकदां चुकल्यास यंत्र कांहीं काळ दार लावून घेतें. तेव्हां चिडून जाऊं नये. उठून दुसरें काम करावें. शांतपणें बसलें असतां बोटांना आपोआप शब्द आठवल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

एवढ्यानें काम न झाल्यास आपलें खातें कोणत्या जातीचें आहे हें ओळखावें. आपल्याकडील बहुतेक घरगुती संगणक विंडोज या प्रणालीवर चालतात. त्यांत खातीं दोन प्रकारचीं असतात. पहिलें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दप्तरीं नोंदलेलें, ज्यास ईमेलचा पत्ता जोडलेला असतो. दुसरें केवळ त्या यंत्रापुरतें.

पहिल्या प्रकारचें खातें असेल तर मार्ग सोपा आहे. दुसऱ्या एखाद्या संगणकावरून वा मोबाइलवरून त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावें आणि शब्द विसरल्याचें कळवावें. पूर्वीं नोंदविलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर कांहीं आंकडे येतात. ते भरले कीं नवा शब्द ठरवितां येतो. मग घरचा संगणक इंटरनेटला जोडलेला आहे असें पाहूनच तो नवा शब्द द्यावा. नाहींतर बाहेर झालेला बदल त्याला कळणार कसा? कित्येक घरीं शब्दाऐवजीं चार-सहा आंकड्यांचा पिन वापरतात. तो पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. तो विसरल्यास पडद्यावरील पर्याय निवडून पूर्ण शब्द देऊन आंत जातां येतें, किंवा तेथेंच 'पिन विसरलों' अशा अर्थाची ओळ असते तिचा उपयोग करावा.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. मदतीसाठीं दूरध्वनीचा क्रमांक शोधूं गेल्यास कंपनीचें नांव लावून बसलेले भामटे भेटतात. मोबाइलवर आलेले आंकडे दूरध्वनीवरून कोणासहि सांगूं नयेत. ते विचारणारा मनुष्य मदतनीस नव्हे, चोर होय असें खुशाल समजावें.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे यंत्रापुरत्या खात्यास बाहेरचा जामीन कोणी नसतो. तेथें तीन वाटा असूं शकतात. २०१८ सालापासून विंडोजमध्यें असें खातें उघडतांना तीन प्रश्न निवडून त्यांचीं उत्तरें देऊन ठेवतां येतात. शब्द चुकला कीं नवा शब्द ठरविण्याची ओळ दिसते आणि तेच प्रश्न विचारले जातात. दुसरी वाट अशी कीं, त्याच संगणकावर घरांतील दुसऱ्या कोणाचें व्यवस्थापकाच्या अधिकाराचें खातें असेल तर त्यास नवा शब्द लावून देतां येतो. मात्र असें केल्यानें त्या खात्यांत सांठवून ठेवलेले इतर ठिकाणचे परवलीचे शब्द आणि त्या खात्याच्या किल्लीनें कूटबद्ध केलेल्या फायली हातच्या जाण्याचा संभव असतो. तिसरी वाट म्हणजे आगाऊ तयार करून ठेवलेला पेनड्राइव्ह, जो लावला असतां नवा शब्द ठरवितां येतो. या तिन्ही वाटा आधीं बांधलेल्या असाव्या लागतात. एकहि नसेल तर यंत्र पुसून नव्यासारखें करणें उरतें, आणि त्यांत आपलें खातें व लिखाण नाहींसें होतें.

कोणी जाणता म्हणेल, "यंत्रांतील तबकडी काढून दुसऱ्या संगणकास जोडली तर लिखाण वाचतां येणार नाहीं काय?" पूर्वीं सर्रास येत असे, आणि जुन्या यंत्रांत अजूनहि येतें. म्हणून यंत्र पुसण्यापूर्वीं विश्वासू माणसाकडून, शक्य तर आपल्या समक्ष, हा प्रयत्न अवश्य करवून घ्यावा. परंतु नव्या यंत्रांत ही वाट बहुधा बुजलेली असते. ती कां बुजविली, हें रायगडच्या हिरकणीच्या आख्यायिकेवरून ध्यानांत येईल. दरवाजे बंद झाले म्हणून ती माउली तान्ह्या बाळाच्या ओढीनें उभा कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचें कौतुक केलें. पण ज्या वाटेनें आई उतरूं शकते त्याच वाटेनें शत्रु चढूं शकतो हें ओळखून तेथें बुरूज बांधविला. संगणक बनविणाऱ्यांनीं तेंच केलें. चोरानें यंत्र पळवून तबकडी काढून नेली तरी त्यास कांहीं वाचतां येऊं नये म्हणून तिच्यावरील सर्व मजकूर कूटबद्ध करण्याची सोय निघाली. विंडोजमध्यें तिचें नांव बिटलॉकर, ॲपलच्या मॅक संगणकांत फाइलव्हॉल्ट. पुष्कळ नव्या यंत्रांत मालकानें मुद्दाम न सांगतांहि अशी कूटबद्धता सुरू झालेली असते.

बिटलॉकरचें कुलूप एरवीं नजरेसहि पडत नाहीं. परंतु यंत्राचा मुख्य भाग बदलला किंवा तशीच कांहीं उलथापालथ झाली, तर तें ४८ आंकड्यांची किल्ली मागतें. माझ्या एका स्नेह्यांच्या यंत्रांत पावसाचें पाणी गेलें म्हणून आंतील मुख्य पट बदलावा लागला. यंत्र सुरू झालें तें ही किल्ली मागतच. खरेदीच्या वेळीं दुकानांतील मुलानें कोणता तरी तात्पुरता पत्ता घालून खातें उघडून दिलें होतें. तो पत्ता ना दुकानास आठवला, ना यांस. मुलीच्या बालपणींचीं सारीं छायाचित्रें त्या तबकडीवर आहेत. तबकडी शाबूत आहे, छायाचित्रें शाबूत आहेत. पण तीं पाहतां येत नाहींत. स्नेह्यांनीं ती तबकडी अजून टाकलेली नाहीं.

ही किल्ली मिळण्याचीं ठिकाणें ठरलेलीं आहेत. मायक्रोसॉफ्टचें खातें जोडलेलें असेल तर बहुधा ती त्या खात्यांत जमा असते आणि दुसऱ्या यंत्रावरून वाचतां येते. क्वचित् ती कागदावर छापलेली वा पेनड्राइव्हवर ठेवलेली असते. पडद्यावर एक ओळखीची खूण दिसते, ती ताडून योग्य किल्ली निवडावी. हे ४८ आंकडे सहा-सहांच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटास अकरानें निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, ४२७६२५ या संख्येस अकरानें भागिलें तर ३८८७५ येतात आणि बाकी उरत नाहीं. उतरून घेतांना एक आंकडा चुकला, किंवा शेजारचे दोन निराळे आंकडे उलटसुलट झाले, तर भाग जाणार नाहीं. म्हणून किल्ली वहींत उतरविल्यावर प्रत्येक गटास अकरानें भागून पाहावें. घरांतील मुलांस हें काम आवडेल. मॅक संगणकांतहि तत्त्व हेंच आहे. कांहीं वेळां शब्द चुकल्यावर तो ॲपलच्या खात्यावरून किंवा पूर्वीं दिलेल्या किल्लीवरून नवा शब्द ठरविण्याचा पर्याय दाखवितो. दोन्ही नसतील तर त्याचाहि नाइलाज असतो.

यावरून एकच गोष्ट पुनः पुनः सिद्ध होते. परत शिरण्याची वाट शब्द विसरल्यानंतर शोधावयाची नसून, आठवत असतांनाच बांधून ठेवावयाची असते. त्यासाठीं फार खटपट नको. खात्यास आज चालू असलेला मोबाइल आणि घरांतील दुसऱ्या माणसाचा ईमेल जोडलेला आहे कीं नाहीं, तें वर्षांतून एकदां पाहावें. जुना क्रमांक बंद केला असेल तर आंकडे त्याच मेलेल्या क्रमांकावर जात राहतात. ४८ आंकड्यांची किल्ली कागदावर उतरून ठेवावी. महत्त्वाच्या लिखाणाची एक प्रत त्या यंत्राबाहेर ठेवावी, आणि तिचीहि किल्ली कोणास तरी ठाऊक असावी.

परवलीचा शब्द कागदावर लिहूं नये, असा उपदेश पूर्वीं सर्वत्र होत असे. यंत्रावरच चिठी चिकटविणें अर्थात् मूर्खपणाचें होय; पण दागिन्यांच्या डब्याशेजारीं बंद पाकिटांत ठेवलेला कागद दूरदेशींच्या चोरास कसा मिळणार? दर थोड्या दिवसांनीं शब्द बदलावा आणि त्यांत आंकडे व चिन्हें कोंबावीं, हा नियमहि आतां मागें पडला आहे. अमेरिकेच्या प्रमाण ठरविणाऱ्या सरकारी संस्थेसाठीं २००३ सालीं तसा सल्ला लिहिणारे बिल बर यांनींच २०१७ सालीं त्याबद्दल खेद प्रकट केला, आणि त्याच वर्षीं त्या संस्थेनेंहि आपला नियम बदलला. वारंवार बदललेला शब्द माणूस विसरतो, किंवा शेवटचा आंकडा तेवढा बदलतो. त्यापेक्षां परस्परांशीं संबंध नसलेल्या चार-पांच शब्दांची लांब ओळ ठेवावी. ती परक्यास तर्कितां येत नाहीं, आणि आपणांस आठवते.

आणखी एक गोष्ट घरांत उच्चारावयास कोणास आवडत नाहीं, पण ती सांगितली पाहिजे. शब्द विसरणाराच जेव्हां राहत नाहीं, तेव्हां मागें राहिलेल्यांनीं काय करावें? गूगलनें २०१३ सालीं अशी सोय केली कीं, आपण ठरवूं तितके महिने खातें निश्चल राहिलें तर आपण नेमलेल्या माणसांस त्यांतील मजकूर मिळावा. ॲपलनेंहि २०२१ सालीं वारस नेमण्याची व्यवस्था केली. विम्याच्या कागदावर आपण वारसाचें नांव घालतों, मग येथेंच संकोच कां?

आतां अप्पांची हकीकत पुरी करतों. त्यांचें खातें पहिल्या प्रकारचें होतें. परंतु त्यास जोडलेला मोबाइल आजारपणांत पैसे न भरल्यामुळें बंद झाला होता. दुसरा मार्ग ईमेलचा. आणि पडद्यावर त्या पत्त्याचीं पहिलीं दोन अक्षरें तेवढीं दिसत होतीं. अप्पांस कांहीं बोध होईना. बहिणीनें मात्र तीं पाहतांच ओळखलें. तो नागपूरच्या लेकीचा पत्ता होता. आठ वर्षांपूर्वीं दिवाळीस माहेरीं आली असतां तिनें तो घालून दिला होता, आणि पुढें सारींच तें विसरून गेलीं होतीं. दूरध्वनी केला, लेकीनें तिकडून आंकडे वाचून दाखविले, आणि दहा मिनिटांत अप्पांचा कुलवृत्तांत पडद्यावर उभा राहिला. त्या दिवशीं त्यांनीं एक अक्षरहि नवें लिहिलें नाहीं. प्रथम सर्व लिखाणाच्या दोन प्रती करविल्या, एक लेकीकडे रवाना केली, आणि नवा शब्द स्वतःच्या अक्षरांत कागदावर लिहून बहिणीच्या हवालीं केला.

दूरध्वनीवरून आंकडे सांगूं नयेत असें मीं मघाशीं म्हटलें, आणि येथें तर लेकीनें ते सांगितले. फरक एवढाच कीं, येथें दूरध्वनी आपण होऊन केला होता, आणि तो आपल्याच माणसास केला होता. यंत्राच्या दाराशीं अखेर आपल्यासाठीं कोण जामीन राहील, हें आपण आधींच ठरवून ठेवलें पाहिजे. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मंडळींनीं एकमेकांस एवढा एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंति आहे.